जुनी भूमिका आणि वाढते वय

आमच्या गावी चैत्रात देवीची जत्रा भरते आणि जत्रेच्या दुसऱ्या रात्री गावकरी मंडळींचे नाटक होते. बाविसाव्या वर्षी त्या नाटकात मी राजपुत्राचे काम केले होते. लोकांना ते आवडले असावे, कारण यंदा तेच नाटक पुन्हा बसवावयाचे ठरले, तेव्हा मंडळी माझ्या दारी आली आणि म्हणाली, "सर, राजपुत्र तुम्हीच!" मी आज सेहेचाळीस वर्षांचा आहे. केस विरळ झाले आहेत, जिना चढताना गुडघा कुरकुरतो. तरीही, खोटे कशाला सांगू, क्षणभर मला फार बरे वाटले. "विचार करून सांगतो," असे म्हणून मी त्यांना चहा दिला, निरोप दिला आणि त्या रात्री मला एका परदेशी नटाची गोष्ट आठवली. आज तीच तुम्हांला सांगावयाची आहे.

त्या नटाचे नाव शॉन कॉनरी. १९३० साली स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात, एका कष्टकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. शाळा लवकर सुटली. घरोघरी दूध घालण्याचे काम त्याने केले, शवपेट्यांना पॉलिश करण्याचे काम केले, काही काळ नौदलात काढला. अशा या मुलाला १९६२ साली 'डॉक्टर नो' या चित्रपटात जेम्स बाँड या इंग्रज गुप्तहेराची भूमिका मिळाली. इयन फ्लेमिंग या लेखकाच्या कादंबऱ्यांतला हा नायक. उंची कपडे, वेगवान मोटारी, जिवावरची संकटे आणि त्यांतून हसत बाहेर पडणे, असे त्याचे एकंदर स्वरूप. १९६७ पर्यंत कॉनरीने असे पाच चित्रपट केले आणि तो जगप्रसिद्ध झाला.

आता तुम्ही म्हणाल, मग त्याला सुख लाभले असेल! तसे झाले नाही. लोक त्याला कॉनरी म्हणून ओळखीनात. रस्त्याने जावे तर लोक बाँडला हाका मारीत. या सोंगाला कंटाळून त्याने ते उतरविले. निर्मात्यांनी दुसरा नट घेऊन १९६९ साली चित्रपट काढला, पण पुढच्या वेळी ते पुन्हा कॉनरीच्याच दारी आले. त्याने साडेबारा लाख डॉलर मागितले. त्या काळी ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. निर्मात्यांनी ती दिली. १९७१ सालचा 'डायमंड्स आर फॉरएव्हर' हा तो चित्रपट. आणि शिक्षक बंधुभगिनींनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावे, की ते पैसे त्याने स्कॉटलंडमधील होतकरू तरुणांच्या शिक्षणासाठी स्थापन केलेल्या निधीला दिले. त्यानंतर मात्र त्याने सांगून टाकले, की ही भूमिका आता पुन्हा कधीही नाही.

बारा वर्षे गेली, आणि १९८३ साली कॉनरी पुन्हा बाँड होऊन पडद्यावर आला! चित्रपटाचे नाव होते 'नेव्हर से नेव्हर अगेन'. म्हणजे 'पुन्हा कधीच नाही, असे कधीच म्हणू नये.' हे नाव त्याच्या पत्नीने, मिशलीनने सुचविले होते. नवऱ्याची प्रतिज्ञा मोडली, तिची अशी गोड थट्टा घरातच झाली.

हा चित्रपट नेहमीच्या निर्मात्यांचा नव्हता. त्यामागे एक जुना तंटा होता. फ्लेमिंगने केविन मॅक्‌क्लोरी आणि जॅक व्हिटिंगहॅम या दोघांबरोबर एक पटकथा तयार केली होती. पुढे तिच्याच आधारे १९६१ साली त्याने 'थंडरबॉल' ही कादंबरी स्वतःच्या नावाने छापली. मॅक्‌क्लोरी कोर्टात गेला. १९६३ साली तडजोड झाली आणि त्या कथेचे चित्रपटाचे हक्क त्याच्याकडे आले. १९६५ साली नेहमीच्या निर्मात्यांबरोबर त्याने त्या कथेचा एक चित्रपट केला. त्यात कॉनरीच बाँड होता. या कराराप्रमाणे त्याला पुढची दहा वर्षे दुसरा चित्रपट काढता येत नव्हता. ही मुदत सरल्यावर खटपटी होत होत १९८३ चा चित्रपट तयार झाला. म्हणजे गंमत पहा, नट तोच, भूमिका तीच आणि मूळ कथाही तीच. मात्र बाँडचे ते ओळखीचे संगीत वापरावयाची या मंडळींना मुभा नव्हती. आणि नायक आता बावन्न वर्षांचा झाला होता.

आपल्याकडे म्हण आहे, की सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही. मी त्यात तारुण्याची भर घालीन. केसांचा टोप लावता येतो. (कॉनरी तो अगदी पहिल्या चित्रपटापासून लावीत असे, बरे का!) पण चालण्यातली, उठण्याबसण्यातली, नजरेतली वर्षे झाकत नाहीत. कॉनरीने आणि दिग्दर्शक अर्विन कर्शनर यांनी येथे शहाणपणा केला. त्यांनी ती वर्षे झाकलीच नाहीत. चित्रपटाच्या आरंभीच बाँड सरावाच्या एका कामगिरीत चुकतो आणि सरावापुरता का होईना, मारला जातो. आताशा त्याला प्रत्यक्ष कामगिरीवर फारसे पाठवीत नाहीत; नवशिक्यांना शिकविण्याचेच काम देतात. वरिष्ठ अधिकारी त्याला पथ्यपाण्यासाठी आरोग्यधामात धाडतो. तेथे दारावरचा माणूस त्याच्या जुन्या बेंटली मोटारीचे कौतुक करतो, आणि अजून ती चांगली धडधाकट आहे, असे बाँड म्हणतो. तो मोटारीविषयी बोलतो की स्वतःविषयी, हे प्रेक्षकाला बरोबर कळते.

त्याच वर्षी नेहमीच्या निर्मात्यांचाही बाँडपट आला, 'ऑक्टोपसी'. त्याचे काही चित्रण आपल्याकडे उदयपूरला झाले, आणि त्यात आपला कबीर बेदी होता, टेनिसपटू विजय अमृतराज होता. त्यातला बाँड म्हणजे रॉजर मूर. तो कॉनरीपेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी मोठाच! धंदा 'ऑक्टोपसी'चा अधिक झाला, हे खरे. पण मूर १९८५ सालीही, सत्तावन्नाव्या वर्षी, त्याच तरुण नायकाच्या थाटात उभा राहिला. आणि त्या कामाला आपण फार म्हातारे झालो होतो, हे पुढे त्यानेच थट्टेने कबूल केले.

कॉनरीचा १९८३ चा चित्रपट फार थोर होता, असे मी म्हणणार नाही. मध्यंतरानंतर तो रेंगाळतो. मोठे मानधन हेही त्याच्या परत येण्याचे एक कारण होते, ते लपविण्यात अर्थ नाही. पण त्यातून एक गोष्ट घडली. आपले वय आहे तसे दाखविण्याची त्याची भीड चेपली. अखेरच्या दृश्यात तो पुन्हा एकदा 'आता कधीच नाही' असे म्हणतो आणि प्रेक्षकांकडे पाहून डोळा मिचकावतो. या वेळी मात्र त्याने शब्द पाळला. चित्रपटात तो पुन्हा बाँड झाला नाही. १९८६ साली तो मध्ययुगातील एक प्रौढ, विद्वान संन्यासी झाला. १९८७ सालच्या 'द अनटचेबल्स'मध्ये तरुण सहकाऱ्याला वाट दाखविणारा म्हातारा पोलीस झाला, आणि त्या दुय्यम भूमिकेनेच त्याला ऑस्कर पारितोषिक मिळवून दिले. १९८९ साली हॅरिसन फोर्ड या नायकाचा तो बाप झाला. दोघांच्या वयात खरे अंतर अवघे बारा वर्षांचे! नव्वद वर्षांचे आयुष्य भोगून २०२० साली तो वारला.

श्रोतेहो, हे केवळ नटांपुरते नाही. जुनी भूमिका आपणां सर्वांनाच बोलावीत असते. पंचवीस वर्षांपूर्वी रंगलेला धडा शिक्षक आजही त्याच विनोदांसह शिकवू पाहतो आणि मुले हसत नाहीत, म्हणून मुलांवर रागावतो. हे मीही केले आहे. घरचा कर्ता पुरुष साठीतही कासरा मुलाच्या हाती देत नाही. जुन्या कामाकडे परत जाऊच नये, असे नाही. जावे, पण आपले आजचे वय बरोबर घेऊन जावे. विशीतल्या मास्तराला जे सांगता येत नव्हते, ते पन्नाशीतल्या मास्तराला सांगता येते. तेच त्याने सांगावे.

नाटकमंडळी काल पुन्हा आली होती. राजपुत्राचे काम आमच्या शेजारच्या मुलाला द्या, असे मी त्यांना सांगितले. त्याच्या तालमी मी घेईन. आणि नाटकात म्हाताऱ्या राजाचे एक छोटे काम आहे. मुलाच्या हाती राज्य सोपवून तो निघून जातो. ते मी मागून घेतले आहे. बाविसाव्या वर्षी त्या प्रवेशात मी समोर उभा होतो, पण राजा काय बोलतो, हे मला त्या वेळी ऐकूच आले नव्हते.