वनहक्क आणि ग्रामकोष : मेंढा (लेखा) ग्रामसभेचा अनुभव



कोणत्याही स्वराज्य संस्थेची कसोटी दोन प्रश्नांवर लागते. भूमीवर अधिकार कोणाचा, आणि तिजोरीची किल्ली कोणाच्या हाती? अधिकार आहे पण उत्पन्न नाही, तर तो कागदावर राहतो. उत्पन्न आहे पण हिशेब नाही, तर ते गावात कलह माजविते. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने या दोन्ही प्रश्नांचा एकत्रित विचार केला, म्हणून त्याचा अनुभव अभ्यसनीय ठरतो.

सुमारे ५०० वस्तीचे हे गाव लेखा गट ग्रामपंचायतीत येत असे. येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. ग्रामपंचायत ही निवडून दिलेल्या प्रतिनिधींची संस्था होय. ग्रामसभा म्हणजे गावातील सर्व प्रौढ स्त्री-पुरुष. वनहक्क कायदा, २००६ अन्वये दावा मांडण्याचा व वनाचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आहे. श्री. देवाजी तोफा व कै. मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने मेंढ्यात बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात विषय समजून घेण्याची प्रथा रुजली होती. त्यामुळे कायदा अमलात आला तेव्हा गाव सिद्ध होते.

दाव्याची पद्धत अशी : ग्रामसभेची वनहक्क समिती सीमा पाहते, नकाशा करते व पुरावे गोळा करते. निस्तारपत्रक, जुनी शासकीय कागदपत्रे, वृद्धांची निवेदने यांपैकी एकाहून अधिक पुरावे लागतात. ग्रामसभेच्या ठरावानंतर दावा उपविभागीय समितीकडे व तेथून अंतिम निर्णयासाठी जिल्हास्तरीय समितीकडे जातो. या मार्गाने २००९ मध्ये मेंढ्यास सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क प्रथम मिळालेल्या गावांत त्याची गणना होते.

परंतु खरी अडचण पुढेच होती. नव्या कायद्याने बांबूचा समावेश गौण वनोपजात केला होता, तर १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात तो वृक्षांत मोडत असे. वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती होता. हक्क गावाचा, पण तोडलेला बांबू बाजारात नेता येईना! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री श्री. जयराम रमेश व मुख्यमंत्री श्री. पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत मेंढ्यातच परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आली. २०१२ च्या सुधारित नियमांनी हा अधिकार सर्वत्र ग्रामसभेच्या समितीकडे सोपविला.

त्यानंतर ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. तोडणीची मजुरी गावकऱ्यांना मिळाली आणि शिल्लक ग्रामकोषात जमा झाली. व्यक्तिगत कमाईतील काही हिस्सा ग्रामकोषास देण्याची रीत गावात आधीपासूनच होती. नव्या उत्पन्नाने तिला बळकटी आली. २०१३ मध्ये गावाने ग्रामदानाचाही निर्णय घेतला. महाराष्ट्र ग्रामदान अधिनियमान्वये जमिनीची मालकी गावाकडे जाते, कसण्याचा हक्क मात्र शेतकऱ्याकडेच राहतो. गरजेपोटी जमीन बाहेरच्याच्या हाती जाण्याची वाट त्यामुळे बंद होते.

येथे अनुदान व स्वतःचे उत्पन्न यांतील फरकही जाणला पाहिजे. आदिवासी उपयोजनेच्या नियतव्ययातील ५ टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१५ मध्ये घेतला. तो निश्चितच उपकारक आहे. तथापि, अनुदान शासनाच्या अंदाजपत्रकावर अवलंबून असते, तर वनाचे उत्पन्न वनाच्या निगेवर. आज अधिक तोड केली तर उद्याचा ग्रामकोष रिता होईल, हे ज्या गावास उमगले त्यास राखणदार नेमण्याची शिकवण द्यावी लागत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना असे सामूहिक हक्क मिळाले आहेत. तेथे हक्काचा कागद देऊन काम संपत नाही. नकाशा वाचणे, लिलावाच्या अटी समजून घेणे, जमाखर्च भरसभेत वाचून दाखविणे ही कामे नित्याची आहेत. शिक्षकांनी त्यात साह्य करावे, अधिकाऱ्यांनी परवाने व नोंदी वेळेवर द्याव्यात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेला प्रतिस्पर्धी न मानता आपल्या सत्तेचा उगम मानावे. हिशेबाची वही जेथे सर्वांसमोर उघडी असते, तेथेच भूमीचा हक्क टिकतो.