आजीची ओवी आणि आपल्या हातातील यंत्र



गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांचे पहाटेचे कष्ट वाचले. ते चांगलेच झाले. परंतु जात्याबरोबर ओवीही थांबली. माहेर, भाऊ, सासुरवास यांविषयी जे उघड बोलता येत नसे, ते बाई जात्यापाशी गात असे. आई गाई आणि लेक ऐके. लिहून कोणी ठेवीत नसे.

आपणही या परंपरेबाहेरचे नाही. विजापूरच्या सूफी परंपरेतून दखनी भाषेत ‘चक्कीनामे’ रचले गेले, ते दळताना गाण्यासाठीच.

पुण्याच्या हेमा राईरकर, गी पॉइटवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साह्याने त्या संगणकावर नोंदल्या गेल्या. अनेक बायकांचे आवाजही ध्वनिमुद्रित झाले. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर यांतील ओव्या प्रसिद्ध होऊ लागल्या. आज त्या कोणालाही घरबसल्या ऐकता येतात.

या कामातून घेण्यासारखा धडा एकच. यंत्र आवाज साठविते. पण तो कोणाचा, कोणत्या गावचा, गाणे कोणत्या प्रसंगाचे, हे माणसानेच लिहावे लागते. नोंद नसेल, तर साठविलेले गाणेही हरवल्यासारखेच.

विद्यार्थी मित्रांनो, मोबाईल आज बहुतेक घरांत आहे. या सुट्टीत आजीचे एक तरी गाणे त्यात घ्या. लग्नातले, हळदीचे, पाळण्याचे, कोणतेही चालेल. आधी तिची परवानगी विचारा. तिचे नाव, गाव आणि तारीख वहीत लिहा. अवघड शब्दाचा अर्थ तिलाच विचारा. उद्या सांगणारे कोणी नसेल. तिची बोली ‘शुद्ध’ करू नका. गाण्याची एक प्रत दुसऱ्या ठिकाणीही ठेवा, कारण मोबाईल हरवतो आणि बिघडतोही. तिच्या संमतीवाचून ते गाणे चारचौघांत पाठवू नका.

पालकांना एक विनंती. दखनी किंवा कोकणी बोलीत बोलले, की आपलीच मुले हल्ली संकोचतात. तो संकोच आपण घरातच शिकविला आहे. आजी गाऊ लागली की ‘आता पुरे’ म्हणू नका. मुलांना तिच्याजवळ बसू द्या.

संस्थेने या नोंदींसाठी शाळेच्या ग्रंथालयात एक कपाट आणि एक संगणक द्यावा, अशी सूचना करून मी आपली रजा घेतो.