वेगाची गाडी, रोजचा रस्ता आणि बेताचा खर्च
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावर विद्यार्थ्यांचा गुणगौरव होतो, शिष्यवृत्त्या दिल्या जातात, आणि शेवटी एखाद्या वडीलधाऱ्या माणसास चार हिताच्या गोष्टी सांगण्याची आज्ञा होते. यंदा ती आज्ञा आम्हांस झाली. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. आमचे सारे आयुष्य प्राथमिक शाळेत अंकगणित शिकविण्यात गेले. तेव्हा आम्ही संघटना, चारित्र्य किंवा लग्नांतील उधळपट्टी यांपैकी एखाद्या विषयावर बोलू, अशी आपली अपेक्षा असेल. आम्ही मात्र मोटारीच्या टायरवर बोलणार आहोत. कोणास हसू आले असल्यास त्यांनी अवश्य हसावे. परंतु विषय संपेपर्यंत उठून जाऊ नये, एवढीच विनंती आहे.

हा विषय घेण्याचे कारण या सभागृहाच्या बाहेरच उभे आहे. ज्या घरांत एके काळी एक सायकल तिघां भावांत वापरली जात असे, त्या घरांतील मुले आज स्वतःच्या गाडीने मेळाव्यास येतात, याचा आम्हांस अभिमान वाटतो. तरुण माणसाने चपळ गाडी घ्यावी, हेही स्वाभाविक आहे. परंतु आमच्या असे ध्यानात आले आहे की, गाडी हौसेने घेतली जाते आणि टायर मात्र नाइलाजाने घेतले जातात. गाडी घेताना महिनाभर चौकशी होते. तीन वर्षांनी टायर गुळगुळीत झाले म्हणजे एका दुपारी, कर्जाचा हप्ता आणि मुलांची फी भागवून जे उरले असेल तेवढ्यात, दुकानदार देईल ते बसवून घेतले जाते. या दुपारी जो निर्णय होतो त्यावर पुढील तीन पावसाळे माणसाचा जीव अवलंबून असतो. म्हणून त्याचा विचार आजच करू.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक गाडी डोळ्यांपुढे ठेवू. फोक्सवॅगन कंपनीची पोलो जीटी ही गाडी चाकणच्या कारखान्यात तयार होत असे. २०१३ साली तिचा टीएसआय हा पेट्रोलचा प्रकार आला, इंजिन १.२ लिटरचे, परंतु शक्ती सुमारे १०५ अश्वशक्तीची. २०२२ साली आपल्या देशात पोलोची विक्री थांबली. तथापि त्या गाड्या अजून रस्त्यांवर पुष्कळ आहेत, आणि टायर बदलण्याचा प्रसंग जुन्या गाडीवरच येतो. समजा, आपल्यातील एक तरुण पुण्याहून चाकणला रोज अशा गाडीने जातो. जाऊन येऊन ६० किलोमीटर, महिन्यास २५ दिवस. म्हणजे महिना १,५०० आणि वर्षास १८,००० किलोमीटर झाले. वाटेत काँक्रीट आहे, डांबर आहे, खड्डे आहेत, मालमोटारींची रांग आहे, आणि जून ते सप्टेंबर पाऊस आहे. या तरुणाने कोणते टायर घ्यावेत?

प्रथम टायरचे काम काय ते पाहू. गाडीचा आणि रस्त्याचा संबंध चार ठिकाणी येतो, आणि प्रत्येक ठिकाणी ती जागा साधारण माणसाच्या तळहाताएवढी असते. इंजिनाची शक्ती, ब्रेकचा जोर आणि सुकाणूचे वळण या तिन्ही गोष्टी त्या चार तळहातांतूनच रस्त्यापर्यंत पोहोचतात. तेथे पकड नसेल तर १०५ अश्वशक्ती व्यर्थ आहे. किंबहुना ती व्यर्थ असती तर बरे, ती घातक आहे.

पकड रबराच्या मिश्रणावर अवलंबून असते. मऊ रबर रस्त्यास चांगले धरते, परंतु लवकर झिजते. कडक रबर पुष्कळ दिवस टिकते, परंतु ओल्या रस्त्यावर घसरते. शर्यतीच्या धर्तीचे महागडे टायर पहिल्या वर्गात मोडतात. केवळ टिकाऊपणाच्या जाहिरातीवर विकले जाणारे दुसऱ्या वर्गात. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा वर्ग आहे. त्यातील रबरात सिलिका मिसळलेली असते, त्यामुळे ओल्या रस्त्यावर पकड बरी राहते आणि झीजही बेताची होते. रोजच्या वापराच्या चपळ गाडीस हा मधला वर्ग योग्य, असे आमचे मत आहे. आणि मास्तरकीच्या सवयीप्रमाणे आम्ही ते गणिताने दाखवितो.

किमतीचे आकडे मासल्यापुरते घेतो. पहिला टायर ५,००० रुपयांचा, तो ३०,००० किलोमीटर चालतो. दुसरा ६,५०० रुपयांचा, तो ५०,००० चालतो. तिसरा १०,००० रुपयांचा, मऊ रबराचा, तो ४०,००० चालतो. चारही चाकांचा हिशेब केला म्हणजे पहिल्याचा खर्च किलोमीटरला सुमारे ६७ पैसे, दुसऱ्याचा ५२ पैसे आणि तिसऱ्याचा १ रुपया पडतो. आमच्या तरुणाच्या १,५०० किलोमीटरांस हे महिन्याकाठी अनुक्रमे १,०००, ७८० आणि १,५०० रुपये झाले. दुकानात जो सर्वांत स्वस्त दिसला तो रस्त्यावर स्वस्त राहिला नाही, आणि सर्वांत महाग होता त्याने दामदुपटीकडे वाटचाल केली. तात्पर्य, टायरची किंमत विचारू नये. किंमत भागिले किलोमीटर विचारावे.

आता दुसरे गणित. हे पैशाचे नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने दोन सारख्या गाड्या ओल्या रस्त्यावर धावत आहेत. एकीच्या टायरांचा घर्षणांक ०.७ आणि दुसरीचा ०.५ धरू. दोघींनी एकाच क्षणी ब्रेक दाबला. पहिली सुमारे ३६ मीटरांत थांबेल, दुसरीस सुमारे ५० मीटर लागतील. चौदा मीटरांचे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. परंतु पहिली गाडी ज्या जागी उभी राहिली, त्या जागेवरून दुसरी गाडी अजून ताशी सुमारे ४३ किलोमीटर वेगाने जात असते. पुढे मालमोटार उभी असेल तर त्या वेगाने ती तिच्यावर आदळेल. हा फरक इंजिनाने पडला नाही, चालकाच्या कौशल्याने पडला नाही; तो टायर घेताना वाचविलेल्या पैशांनी पडला. बंधूंनो, काटकसर हा आपल्या वाडवडिलांचा सद्गुण आहे. पण त्यांनी विहिरीच्या दोरात कधी काटकसर केली नाही.

मग टायर ओळखावा कसा? टायरच्या अंगावर सर्व लिहिलेले असते, वाचणारा पाहिजे. समजा, त्यावर '१९५/५५ आर १६ ८७ व्ही' अशी अक्षरे आहेत. १९५ ही मिलिमीटरांत रुंदी. ५५ म्हणजे बाजूची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे १०७ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी. १६ हा चाकाचा इंचांतील व्यास. ८७ हा भाराचा अंक असून त्याचा अर्थ एका टायरने ५४५ किलोग्रॅम भार सोसावा असा आहे. 'व्ही' ही वेगाची खूण, ताशी २४० किलोमीटरपर्यंत. 'एच' असेल तर २१० आणि 'टी' असेल तर १९०. यांपैकी आकार, भार आणि वेगाची खूण गाडीच्या पुस्तिकेत दिली आहे त्याप्रमाणेच घ्यावी; त्याखाली जाऊ नये.

दुसरी खूण जन्मतारखेची. चार आकडी अंक एका लंबगोलात असतो. '२३२५' असल्यास तो टायर २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. रबर न वापरताही जुने होते. आमच्या परिचयाच्या एका तरुणास एका दुकानात निम्म्या किमतीत चार टायर मिळाले. घरी आल्यावर त्याने अंक वाचला तेव्हा ते पाच वर्षांपूर्वीचे निघाले. अंक पैसे देण्यापूर्वी वाचावा. वर्षाच्या आतील माल मागावा, आणि छापील पावती घ्यावी. पावतीवाचून हमी नाही.

तिसरी खूण प्रमाणाची. मोटारीच्या टायरवर आपल्या देशात आयएसआय चिन्ह आवश्यक आहे. शिवाय २०२२ साली केंद्र सरकारने टायरच्या ओल्या रस्त्यावरील पकडीसाठी, फिरताना होणाऱ्या विरोधासाठी आणि आवाजासाठी मर्यादा ठरविल्या. हे स्वागतार्ह आहे. परंतु ३५ गुण मिळवून उत्तीर्ण झालेला आणि ८० गुण मिळविलेला, दोघेही उत्तीर्णच, हे आम्हां शिक्षकांस सांगावयास नको. काही टायरांवर अमेरिकन पद्धतीचे गुणही असतात. त्यांत झिजेचा अंक जितका मोठा तितका टायर टिकाऊ. मात्र तो अंक कारखानदार स्वतःच ठरवितो, म्हणून तो एकाच कंपनीच्या दोन टायरांत ताडून पाहावा. ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लावला असता मिळणाऱ्या पकडीस 'डबल ए', 'ए', 'बी', 'सी' अशी अक्षरे असतात. तेथे 'ए'च्या खाली जाऊ नये. नाव देशी की परदेशी यावर अडून बसू नये. एकच कंपनी टिकाऊ टायरही करते आणि पकडीचाही, म्हणून कंपनीच्या नावाबरोबर टायरचेही नाव विचारावे.

आता पैसा वाचवावा कोठे, ते सांगतो. कारण नुसते 'खर्च करा' म्हणणारा वडीलधारा कोणास आवडत नाही. चाके मोठी करण्याची हौस टाळावी. १६ इंची चाकाच्या जागी १७ इंची आणि अधिक रुंद टायर बसविला की नवे अलॉय आले, टायर महाग झाले, बाजूची उंची कमी होऊन खड्ड्यात रिम वाकण्याचे भय वाढले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा प्रकार आहे. नायट्रोजन भरण्यासाठीही वेगळे पैसे देण्याचे कारण नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन परमेश्वराने फुकट घातला आहे. शर्यतीचे टायर घेऊ नयेत. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरसुद्धा मोटारीस ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि चाकणच्या रस्त्यावर तेवढी मोकळी जागा तरी कोण देतो?

कोठे वाचवू नये, तेही ऐका. वापरलेले टायर आणि रिमोल्ड टायर वेगाच्या गाडीस लावू नयेत. चारही टायर एकाच जातीचे असावेत. एकदम चार परवडत नसतील तर दोन घ्यावेत, आणि ते मागे बसवावेत. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे पुढचे टायर आधी झिजतात, म्हणून नवे पुढे लावण्याकडे कल असतो. परंतु पुढची चाके घसरली तर वेग कमी करून गाडी आटोक्यात आणता येते; मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि भल्याभल्यांस सावरत नाही.

टायर घेतल्यावर काम संपत नाही. दर पंधरवड्यास, टायर थंड असताना हवा तपासावी. आकडा दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो. कमी हवेने टायरच्या कडा झिजतात, तो तापतो आणि फुटतो. दर ८ ते १० हजार किलोमीटरांस पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करावेत, आणि अलाइनमेंट व बॅलन्सिंग करून घ्यावे. त्या वेळी द्यावे लागणारे पैसे नव्या टायरच्या किमतीपुढे अल्प आहेत. नव्या टायरच्या खाचा साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असतात. खाचांत रबराचे छोटे उंचवटे असतात. झीज तेथवर आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, आणि टायर कायद्यानेही बाद झाला. पण आपल्या पावसाळ्यास तेवढे थांबू नये. खाचांचे काम पाणी बाजूस काढणे हे आहे. ते जमेनासे झाले की टायर पाण्यावर तरंगतो आणि सुकाणू हातात असून नसल्यासारखे होते. मे महिन्यात खोली ३ मिलिमीटर उरली असेल तर जूनपूर्वीच टायर बदलावेत.

शेवटी एक व्यवहाराची सूचना करतो. मघाच्या हिशेबातील मधला टायर दिवसास ६० किलोमीटरांचे सुमारे ३१ रुपये खातो. तेवढे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवले, तर दोन वर्षे नऊ महिन्यांनी, टायर संपण्याच्या सुमारास, २६,००० रुपये हातात असतात आणि कोणापुढे हात पसरावा लागत नाही. घरातील वडील माणसांसही आमचे सांगणे आहे. मुलाच्या गाडीस आपण हार घालतो, लिंबू-मिरची बांधतो, मागच्या काचेवर आशीर्वाद लिहून घेतो. हे सर्व करावे. पण एकदा खाली वाकून टायरच्या खाचांतही पाहावे, आणि मुलाचा हात आखडत असेल तर त्या महिन्यात आपल्या पेन्शनीतून चार पैसे पुढे करावेत. त्या गाडीच्या मागच्या बैठकीवर आपलीच नातवंडे बसलेली असतात.

 आमच्या तरुणांची गाडी वेगाने जावो, आणि जेथे थांबावयाचे तेथे थांबो, अशी प्रार्थना करून आपली रजा घेतो.