वानखेडेवर मॅच बघायला येताय? खोलीआधी परतीची गाडी बघा

(ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.)

मॅचचा सीझन आला की मला एकच मेसेज येतो. कराडहून, नाशिकहून, लातूरहून. ‘दादा, वानखेडेचं तिकीट मिळालं. जवळपास स्वस्तात हॉटेल सांग ना.’ मी माहीमकर, त्यामुळे लोकांना वाटतं याला सगळं माहीत असणार. सगळं नाही, पण मॅच संपल्यावर रात्री घरी कसं पोचायचं, हे मात्र नक्की माहीत आहे. आजचा भाग त्यावरच.

आधी एक गोष्ट समजून घ्या. वानखेडे गावाबाहेरच्या माळरानावर नाही. एका बाजूला मरीन ड्राइव्ह, दुसऱ्या बाजूला पश्चिम रेल्वेचे रूळ, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत हे स्टेडियम. ते तिथं का आलं, हीसुद्धा जागेच्या भांडणाचीच गोष्ट आहे. चालत जाता येईल एवढ्या अंतरावर १९३७ सालचं ब्रेबॉर्न स्टेडियम आहे. तिथल्या सामन्यांत आपल्याला किती जागा, किती तिकिटं, यावरून मुंबईची क्रिकेट संघटना आणि ब्रेबॉर्नचा मालक क्लब यांच्यात वाद पेटला. शेवटी शेषराव वानखेडेंच्या पुढाकारानं संघटनेनं स्वतःचंच स्टेडियम बांधलं. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथं पहिली कसोटी झाली आणि क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ ठोकल्या. म्हणजे जागा मिळत नाही ही तक्रार वानखेडेच्या जन्माच्याही आधीची!

आता हॉटेलचं. ॲपवर ‘वानखेडेजवळ’ टाकलंत की मरीन ड्राइव्ह आणि चर्चगेटची हॉटेलं वर येतात. समुद्र दिसतो, मॅच संपली की चालत खोलीवर. पैसे असतील तर यासारखं सुख नाही. पण मॅचच्या आठवड्यात तिथले भाव बघून आपल्यातले बरेचजण फोन खाली ठेवतात. मग नजर जाते ती ‘पाच किलोमीटरवर स्वस्त खोली’कडे. इथंच फसायला होतं.

कारण मॅचच्या रात्री मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. समजा तुम्ही माझगावात खोली घेतली. नकाशावर जवळ. पण साडेसातला सुरू झालेली मॅच सव्वाअकरा-साडेअकराला संपते. हजारो लोक एकदम रस्त्यावर येतात. टॅक्सी थांबत नाही, ॲपवरची गाडी गर्दीतून आत येत नाही, भाडं मात्र वाढत राहतं. त्याच वेळी दादरला खोली घेतलेला माणूस चर्चगेटहून स्लो लोकल पकडतो आणि आठव्या स्टेशनला उतरतो. माहीम दहावं स्टेशन, अर्ध्या तासाच्या आसपास. लांब राहणारा आधी झोपतो!

म्हणून माझा नियम सोपा आहे. स्टेडियमजवळ खोली शोधू नका, स्टेशनजवळ शोधा. आणि ते स्टेशन पश्चिम रेल्वेचं हवं.

जगभर हेच चालतं. अमेरिकेत शिकागोला रिगली फील्ड नावाचं बेसबॉलचं मैदान आहे, १९१४ सालचं. तेही असंच वस्तीच्या मधोमध, आणि शेजारी ॲडिसन नावाचं स्टेशन. तिथली रेड लाइन रात्रभर चालते. आपली लोकल रात्रभर नसते. चर्चगेटहून शेवटची गाडी एकच्या सुमाराला. ती चुकली की पहाटेपर्यंत बसा.

मेट्रोचं काय? नवी भुयारी मेट्रो मस्त आहे. माहीमला शीतलादेवी मंदिर स्टेशनवर चढा, थेट चर्चगेटला उतरा. जाताना जरूर वापरा. पण तिच्या शेवटच्या गाड्या सहसा रात्री साडेदहाच्या. त्या दिवशी वेळ वाढवली असेल तर ठीक, नाही तर परतीचा भरवसा लोकलवरच ठेवा. दुपारची मॅच असेल आणि वार रविवार असेल, तर निघण्याआधी जम्बो ब्लॉक आहे का तेवढं बघा.

एक आतली गोष्ट. सुटताना मरीन लाइन्स जवळ वाटलं तरी पाय चर्चगेटकडे वळवा. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे शिरायला तरी मिळतं. मरीन लाइन्सला येईपर्यंत ती भरलेली असते. मुलींनो, रात्री महिला डब्यात पोलीस असतो, त्या डब्यातून या.

एकटे असाल तर मुंबई सेंट्रल स्टेशनवर रेल्वेचं पॉड हॉटेल आहे, २०२१ ला सुरू झालेलं. ४८ पॉड आहेत, म्हणजे झोपण्यापुरती एकेक कप्पी. चर्चगेटहून चौथं स्टेशन. बाहेरगावच्या गाडीचं कन्फर्म तिकीट असेल, तर पीएनआरवर रेल्वेची रिटायरिंग रूमही मिळू शकते. पण हे सगळं आधी बुक करायचं, रात्री बारा वाजता नाही.

लॉज घेणार असाल तर पैसे भरण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा. रात्री एक-दीडला दार उघडं असतं का? चेक-आउट चोवीस तासांनी की सकाळी ठरलेल्या वेळी? आणि तुमच्यातल्या कुणाच्या आधारवर मुंबईचा पत्ता असेल, तर चालेल का? बरेच लॉजवाले लोकल आयडी घेत नाहीत. माहीमला यायचं असेल तर डिसेंबरात मखदूम बाबांच्या उरुसाची जत्रा दहा दिवस असते, हे लक्षात ठेवा. तेव्हा इथं खोली मिळणं अवघड.

आता शेवटची गोष्ट, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

मागच्या एका मॅचला माझा मामेभाऊ आणि त्याचे दोन मित्र आले होते. दादर-परळच्या मधल्या एका लॉजवर आम्ही खोली बघायला गेलो. काउंटरवर आमच्या आधी एक काका-काकू उभे होते. हातात टाटा हॉस्पिटलची जाड फाइल. मॅनेजरनं त्यांना त्या दिवसाचा भाव सांगितला, आणि तो नेहमीपेक्षा जास्त होता. काका म्हणाले, ‘परवापर्यंत तर कमी होता की.’ खोली एकच उरली होती आणि मॅनेजर आमच्याकडे बघत होता. मामेभाऊ काही बोलला नाही. नुसता मागं फिरला आणि जिना उतरला. आम्ही तिघांना घरी आणलं. आमच्या खोलीत दोघं, बाहेरच्या गॅलरीत एक. सकाळी सगळ्यांची मान धरलेली, पण कुणी कुरकुर केली नाही.

परळला टाटा आहे, केईएम आहे. देशभरातून पेशंट येतात, महिना महिना राहतात. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, ती याच लोकांसाठी. ‘धर्मशाळेत स्वस्तात सोय होईल का?’ असाही मेसेज मला येतो. मित्रांनो, तो फोन करू नका. आपल्याला एका रात्रीचा प्रश्न असतो आणि पर्याय पाच असतात. त्यांना पर्याय नसतो. दादरला राहायचंच असेल तर स्टेशनजवळचं साधं हॉटेल घ्या. परळच्या हॉस्पिटलांभोवतीच्या स्वस्त खोल्या सोडा.

आणि कुणी नातेवाईक असतील इकडे, तर लाजू नका. चटईपुरती जागा मुंबईत अजून निघते. फक्त आधी कळवा, आणि येताना गावाकडचं काहीतरी घेऊन या!

तर थोडक्यात: आधी शेवटची गाडी बघा, मग स्टेशन ठरवा, मग खोली. तुमच्याकडे वेगळी युक्ती असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. तोवर काळजी घ्या, आणि हो, पॉवर बँक स्टेडियमच्या आत नेऊ देत नाहीत, ती खोलीवरच ठेवा. भेटू!