मंदीचे दिवस आणि जकातीचे दार

सुगी झाली आणि हुबळीच्या बाजारपेठेत कापसाच्या गाड्या येऊ लागल्या, की शेतकऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो : आज भाव काय निघाला? हा भाव ठरविणारी माणसे पुष्कळदा हुबळीतही नसतात आणि मुंबईतही नसतात, हे त्याला पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. कधी ती समुद्रापलीकडील एखाद्या गिरणीत असतात, तर कधी दिल्लीतील एखाद्या सरकारी कचेरीत परदेशी मालावरील जकातीचा निर्णय लिहीत असतात. अशा कचेऱ्यांपुढे येणाऱ्या तक्रारींची संख्या मंदीच्या दिवसांत कशी बदलते, आणि त्या बदलाचा धारवाड-हुबळीकडील माणसाशी काय संबंध पोहोचतो, याविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

प्रथम या तक्रारी कोणत्या, ते पाहू. त्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात देशी कारखानदार सांगतो, की परदेशी व्यापारी आपला माल स्वतःच्या देशातील भावाहून कमी भावाने इकडे आणून ओतीत आहे आणि त्यामुळे माझा धंदा बुडत आहे. याला ‘डंपिंग’ असे म्हणतात, आणि त्यावर उपाय म्हणून बसविलेल्या जादा जकातीला अँटी-डंपिंग शुल्क म्हणतात. परदेशी सरकारने दिलेल्या अनुदानाविरुद्धची जकात आणि आयातीचा अकस्मात लोंढा आल्यास बसविण्यात येणारी संरक्षक जकात ही तिचीच भावंडे होत. दुसऱ्या प्रकारात तक्रार भावाविषयी नसते. तक्रारदार म्हणतो, की या मालात माझ्या पेटंटाची चोरी आहे, सबब तो बंदरातच अडवावा. दोन्ही तक्रारी आयात मालाविरुद्धच असतात. पण मंदीचा वारा दोन्हींना सारखा लागत नाही.

पहिल्या प्रकाराची गोष्ट समजून घेण्यास १९३० नंतरच्या जागतिक मंदीइतके चांगले उदाहरण नाही. त्या वेळी धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता. आपल्या काळ्या जमिनीत पिकणारा कुमठा कापूस आणि अमेरिकन बियाण्यापासून रुळलेला ‘धारवाड-अमेरिकन’ कापूस मुंबईच्या बाजारात नावाने ओळखला जाई. कुमठा हे नावसुद्धा कापसाला मिळाले ते तो ज्या बंदरातून पूर्वी रवाना होई त्या बंदरावरून. मुंबईच्या गिरण्यांची कुरकूर मंदीच्या आधीच सुरू झाली होती. १९२३ साली टॅरिफ बोर्ड स्थापन झाले होते. १९२६ मध्ये कापड-धंद्यासाठी एक खास बोर्ड नेमण्यात आले आणि त्याने १९२७ साली अहवाल दिला. जपानी गिरण्यांत स्त्रियांना रात्रपाळीला जुंपले जाते व दोन पाळ्यांमुळे तेथील माल स्वस्त पडतो, ही स्पर्धा न्याय्य नव्हे, असे त्या बोर्डाचे मत पडले. तथापि सरकारचा हात तेव्हा आखडताच राहिला.

मंदी आली आणि हा हात सैल झाला. १९३० च्या कायद्याने ब्रिटिश कापडावर शेकडा १५ आणि इतर परदेशी कापडावर शेकडा २० जकात बसली. १९३१ मध्ये ती आणखी वाढली. त्या वाढीत गिरण्यांच्या रक्षणाइतकीच सरकारी तिजोरीचीही चिंता होती. १९३१ च्या डिसेंबरात जपानने आपल्या येनचे सोन्याशी असलेले नाते तोडले, येनचा भाव कोसळला आणि जपानी कापड अधिकच स्वस्त झाले. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिशेतर कापडावरील जकात शेकडा ५० झाली आणि १९३३ च्या जूनमध्ये शेकडा ७५. तीन वर्षांत २० चे ७५ झाले!

मुंबईच्या गिरणीमालकांना यामुळे हायसे वाटले असेल, आणि त्यांत गैर काही नव्हते. गिरणी बंद पडली तर मजुराची चूलही बंद पडते. परंतु जपाननेही स्वस्थ बसावयाचे नाकारले. जपानी गिरण्यांनी हिंदुस्थानचा कापूस घेण्यावर बहिष्कार पुकारला. जपान आपला फार मोठा गिऱ्हाईक होता. तो जो कापूस घेई तो मुख्यतः आखूड धाग्याचा, म्हणजे उत्तरेकडील ‘बंगाल’ आणि वऱ्हाड-खानदेशाकडील ‘उमरा’ या जातींचा. धारवाडचा कापूस त्याहून थोडा लांब धाग्याचा असल्यामुळे तो प्रत्यक्ष जपानला कमी जाई. पण कापसाचा बाजार म्हणजे एकच विहीर. तिच्या एका बाजूने पाणी उपसणे थांबले, की साऱ्याच पाण्याची पातळी बदलते. आधीच मंदीने भाव खाली आलेले असताना, कापड वाचविण्यासाठी घातलेल्या जकातीचा उलटा फटका कापूस पिकविणाऱ्याला बसण्याची वेळ आली.

शेवटी वाटाघाटी झाल्या आणि १९३४ च्या आरंभी समेट झाला. त्याची कलमे विचार करण्याजोगी आहेत. जपानी कापडावरील जकात शेकडा ५० वर आणली गेली, आणि कापडाची आयात कापसाच्या खरेदीशी बांधली गेली. जपानने वर्षाला १० लाख गाठी कापूस घेतला, तर त्याला ३२ कोटी ५० लाख वार कापड येथे आणता येईल. १५ लाख गाठी घेतल्या, तर ४० कोटी वारांपर्यंत. म्हणजे गिरणीमालकाचा प्रश्न सोडविताना शेतकऱ्याला विसरता येत नाही, हे सरकारला अखेर तराजूत घालून कबूल करावे लागले. मात्र हे शहाणपण बहिष्काराचा चटका बसल्यानंतर आले, आधी नाही.

श्रोतेहो, त्या काळी जकात वाढविणे हे बहुतांशी सरकारच्या मर्जीवर असे. आज त्याचे रूपांतर खटल्यासारख्या रीतसर चौकशीत झाले आहे. आपल्या देशात १९९५ चे नियम आहेत, आणि चौकशी करणारी संस्था १९९८ साली स्थापन होऊन २०१८ पासून व्यापार उपाय महासंचालनालय या स्वरूपात काम करीत आहे. १९९५ पासूनचा हिशेब घेतला, तर अँटी-डंपिंगचे हत्यार जगात सर्वाधिक वापरणारा देश भारतच होय. जागतिक व्यापार संघटनेच्या आकड्यांवरूनही मंदीचा प्रभाव दिसून येतो. २००७ साली जगभर अशा नव्या चौकशा सुमारे १६५ होत्या; २००८ साली अर्थसंकट आले आणि त्या दोनशेच्या वर गेल्या. करोनाच्या २०२० साली त्या साडेतीनशेच्या आसपास पोहोचल्या आणि २०२२ मध्ये शंभराच्याही खाली उतरल्या. २०२४ मध्ये त्यांनी पुन्हा साडेतीनशेचा टप्पा ओलांडला. त्या वर्षी आपल्याकडे मंदी नव्हती. पण चीनमध्ये घरबांधणीचा धंदा बसला होता आणि तेथे न खपणारे पोलाद जगाच्या बंदरांत उतरत होते. मंदी आपल्या घरी नसली, तरी शेजारच्या घरची मंदी जहाजात बसून आपल्याकडे येते.

मंदीत या तक्रारी का वाढाव्यात? याचे कारण कायद्याच्या घडणीतच आहे. डंपिंग झाले एवढे सिद्ध करून भागत नाही. त्यामुळे देशी धंद्याला नुकसान पोहोचले, हेही दाखवावे लागते. भरभराटीच्या काळात नुकसान दाखविणे अवघड. मंदीत मात्र विक्री घटलेली, नफा आटलेला, कामगार कमी केलेले. नुकसानीचा पुरावा हिशेबाच्या वह्यांत आपोआप तयार होतो. कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होते. म्हणून नियमांत अशी तरतूद आहे, की मागणी घटल्याने झालेली हानी आयात मालाच्या माथी मारता कामा नये. पण एकाच अंगावरील दोन जखमांपैकी कोणती कोणाच्या वाराची, हे ठरविणे वैद्यालाही कठीण जाते. मग चौकशी अधिकाऱ्याची काय कथा!

यांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चौकशीला साधारण वर्षभर, कधी दीड वर्ष लागते. एकदा शुल्क बसले, की ते सामान्यतः पाच वर्षे चालते आणि फेरतपासणीनंतर वाढविताही येते. मंदी मात्र बहुधा इतकी टिकत नाही. म्हणजे ज्या पावसासाठी छत्री उघडली, तो पाऊस थांबून ऊन पडले तरी छत्री उघडीच राहते, आणि तिच्या सावलीत वाढणाऱ्यांना ती मिटावीशी वाटत नाही.

आता पेटंटाकडे वळू. या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तेथील १९३० च्या, म्हणजे ऐन मंदीतल्या, जकात कायद्यात ३३७ वे कलम आहे. त्याचे मूळ १९२२ च्या कायद्यात सापडते. त्याअन्वये पेटंटाचा भंग करणारा माल सरहद्दीवरच अडविता येतो. पूर्वी या तक्रारीतही देशी धंद्याचे नुकसान सिद्ध करावे लागे. १९८८ साली पेटंटाच्या बाबतीत ती अट काढून टाकण्यात आली. परिणाम असा झाला, की या तक्रारींची नाळ मंदीपासून बरीचशी सुटली. २००८-०९ च्या संकटात त्या उसळल्या नाहीत. उलट २०११ साली, बाजार सावरत असताना, त्या सत्तरच्या घरात गेल्या. कारण तेव्हा स्मार्टफोन कंपन्यांची आपसांत जुंपली होती. डंपिंगची तक्रार धंदा पडला की येते. पेटंटाची तक्रार नवा माल बाजारात आला आणि त्यात लढण्याजोगा नफा दिसला, की येते.

आपल्याकडेही याचा एक अनुभव येऊन गेला. २००७ च्या नियमांनी पेटंटधारकाला सीमाशुल्क खात्याकडे दाद मागता येऊ लागली. २००९ साली दोन सिमकार्डे चालणाऱ्या मोबाइल फोनांच्या पेटंटावरून बाहेरून येणारे फोन बंदरांत अडविले गेले. ते पेटंट पुढे २०१२ मध्ये रद्द झाले. पेटंट खरे की खोटे, त्याचा भंग झाला की नाही, हा न्यायालयाने ठरवावयाचा प्रश्न. जकात नाक्यावरील अधिकाऱ्याने तो कसा ठरवावा? २०१८ साली सरकारने त्या नियमांतून पेटंट वगळले, ते योग्यच झाले. आणि आपला १९७० चा पेटंट कायदा स्पष्ट सांगतो, की पेटंट हे केवळ आयातीची मक्तेदारी उपभोगण्यासाठी दिलेले नाही.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. या खटल्यांची संख्या आपण मोजतो, तेव्हा ज्यांना तक्रार करता येते त्यांचीच मोजदाद होते. नियमाप्रमाणे अर्जाला पाठिंबा देणाऱ्या कारखान्यांचे उत्पादन देशातील एकूण उत्पादनाच्या किमान शेकडा २५ असावे लागते. पाच-सात मोठ्या कारखान्यांच्या धंद्याला हे सहज जमते. पण हुबळीच्या गोकुळ रोडवर वा तारिहाळच्या वसाहतीत पोलादाचे पत्रे विकत घेऊन त्यांतून यंत्रांचे भाग घडविणारा छोटा कारखानदार काय करील? २०१६ मध्ये पोलादाच्या आयातीवर किमान किमतीचे बंधन आले, २०२५ च्या एप्रिलमध्ये पोलादाच्या काही सपाट मालावर शेकडा १२ तात्पुरती संरक्षक जकात बसली. पोलाद कारखान्यांची बाजू खोटी होती असे मी म्हणत नाही. पण पत्रा महागला, की या छोट्या कारखानदाराचा नफा आक्रसतो, आणि त्याची हानी कोणत्याही खटल्यात ‘नुकसान’ म्हणून नोंदली जात नाही. १९३३ साली धारवाडच्या आणि वऱ्हाडच्या कापूस शेतकऱ्याची जी जागा होती, ती आज त्याची आहे.

तरीही त्याच्यासाठी एक दार उघडे आहे, आणि ते फारसे कोणी वापरीत नाही. अँटी-डंपिंगच्या चौकशीत जो माल वापरला जातो त्याच्या औद्योगिक ग्राहकांना आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे १९९५ चे नियमच सांगतात. एकट्या कारखानदाराला दिल्लीच्या प्रश्नावल्या भरणे जड जाते, हे खरे. मग हे काम संस्थांनी करावयाचे. हुबळीतील कर्नाटक चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्रीसारख्या मंडळांनी, सीमेपलीकडे कोल्हापूर-सांगलीच्या उद्योजक संघांनी, चौकशी सुरू झाल्याची सूचना निघताच आपल्या सभासदांचे हिशेब गोळा करून ते वेळेवर पाठविले पाहिजेत. निकाल लागल्यावर तक्रार करण्यापेक्षा सुनावणीत एक पान दाखल करणे शतपटीने उपयोगाचे.

मंदी पुन्हा येईल. ती कोणाला विचारून येत नाही. ती आली, की जकातीच्या दाराशी गर्दी होईल, आणि त्या गर्दीत खऱ्या दुःखाबरोबर थोडे संधिसाधूपणही असेल. त्या वेळी न्याय करणाऱ्याने दाराशी उभ्या असलेल्यांचे अवश्य ऐकावे. पण जो दारापर्यंत पोहोचलाच नाही, तो शेतात आहे की कारखान्यात, याचीही चौकशी करावी. १९३४ च्या समेटात कापडाचे वार मोजताना कापसाच्या गाठीही मोजल्या गेल्या. तो हिशेब प्रत्येक वेळी, आणि फटका बसण्यापूर्वी, मांडला जावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.