खिशातील खेळ आणि त्यांची पुनर्भेट

'जुने ते सोने' ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी सदैव असते. परंतु सोन्याचा एक गुण असा की, ते पेटीत कितीही वर्षे पडून राहिले तरी काळे पडत नाही. यंत्राचे तसे नाही. पडून राहिलेल्या यंत्राचे प्राण हळूहळू जातात. म्हणून जुन्या यंत्रांवरील खेळांची आठवण काढताना ही म्हण जरा जपूनच वापरावी लागते. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या मोबाइल फोनवरील आणि हातात धरून खेळावयाच्या छोट्या यंत्रांवरील खेळ पुन्हा खेळण्याची हौस अलीकडे ठिकठिकाणी दिसून येते. ही हौस कशाची, ती भागते कशी आणि तिच्यामागोमाग कोणती जबाबदारी येते, याचा थोडा विचार करावयास हरकत नाही.

या खेळांचा जन्म कंटाळ्यातून झाला. जपानमधील निन्टेण्डो या कंपनीत गुनपेई योकोई नावाचे एक कल्पक गृहस्थ होते. आगगाडीतील एक प्रवासी वेळ जाईना म्हणून हिशेबाच्या छोट्या यंत्राची बटणे उगाच दाबीत बसला आहे, असे त्यांच्या दृष्टीस पडले आणि त्यावरून खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना त्यांना सुचली, असे सांगतात. १९८० साली 'गेम अँड वॉच' ही मालिका बाजारात आली. तिच्यातील प्रत्येक यंत्रात खेळ होता आणि वेळ दाखविणारे घड्याळही होते. जी यंत्रविद्या जुनी, स्वस्त आणि खात्रीची झाली आहे, तिचाच निराळ्या दिशेने विचार करून उपयोग करावा, असे योकोईंचे सूत्र असे. त्याच सूत्रावर २१ एप्रिल १९८९ रोजी 'गेम बॉय' हे यंत्र जपानात विक्रीस आले. त्याचा पडदा रुंदीला १६० आणि उंचीला १४४ ठिपक्यांचा. त्यावर रंग असे नव्हतेच. होत्या त्या हिरवट अशा चार छटा. पडद्यामागे उजेडही नव्हता, त्यामुळे खेळणाऱ्यास दिव्याखाली जाऊन बसावे लागे. पुढल्याच वर्षी सेगा कंपनीने रंगीत आणि प्रकाशित पडद्याचा 'गेम गिअर' आणला. तो दिसावयास देखणा होता खरा, परंतु त्याच्या सहा बॅटऱ्या तीन ते पाच तासांत संपत. गेम बॉयचे काम चार बॅटऱ्यांवर त्याहून कितीतरी अधिक वेळ चाले. परिणाम असा झाला की, गेम गिअरची विक्री सुमारे १ कोटीवर थांबली आणि गेम बॉय, त्याच्या पुढील रंगीत आवृत्तीसह, ११ कोटी ८० लाखांवर गेला.

गेम बॉयच्या या यशात एका रशियन खेळाचाही मोठा वाटा आहे. १९८४ साली मॉस्को येथे अलेक्सेई पाजित्नोव यांनी 'टेट्रिस' हा खेळ रचिला. वरून पडणारे चौकोनांचे आकार फिरवून ओळ पुरी करावयाची, एवढाच त्याचा नियम. महाराष्ट्रात मूळ गेम बॉय फार थोड्या घरी पोचला. परंतु याच खेळाची चिनी बनावटीची स्वस्त यंत्रे 'ब्रिक गेम' या नावाने जत्रेतील दुकानांतून आणि शहरातील पदपथांवरून घरोघर शिरली. त्यांच्यावर '९९९९ खेळ' असा दिमाखदार आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात थोड्याच खेळांची गती आणि पायरी बदलून केलेली ती गणती होती. पण ही गोष्ट ध्यानात येईपर्यंत मुलांची उन्हाळ्याची सुटी आनंदात सरलेली असे.

मराठी घरांतून खरी सत्ता गाजविली ती मात्र सापाने. फिनलंडमधील नोकिया कंपनीच्या तानेली अर्मान्तो यांनी ६११० या फोनसाठी 'स्नेक' हा खेळ तयार केला, आणि तो फोन १९९७ च्या अखेरीस बाजारात आला. कल्पना अगदीच नवी नव्हती. १९७६ सालच्या 'ब्लॉकेड' या खेळात तिचे मूळ सापडते. परंतु ८४ बाय ४८ ठिपक्यांच्या चिमुकल्या पडद्यावर तिला जे रूप मिळाले, ते जगभर पसरले. साप खाद्याकडे न्यावयाचा; त्याने खाल्ले की तो लांबतो; लांबला की त्यास वळवावयाला जागा कमी पडते; आणि शेवटी तो स्वतःच्याच अंगावर आदळून डाव संपतो. २००० सालच्या ३३१० या फोनवर या खेळाची दुसरी आवृत्ती आली. पुढे २००३ साली विजेरीचा ११०० हा फोन आला. जगभरात त्याची विक्री २५ कोटींच्या वर गेली आणि भारतातील शहरांत व खेड्यांत तो सारखाच रुळला. त्या काळी पुष्कळ घरी फोन एकच असे आणि तो वडिलांचा असे. ते कचेरीतून परत आले की मुलांची 'एकच डाव, बाबा' अशी विनवणी सुरू होई. भावाचा डाव लांबला की बहीण रुसे. आणि रात्री सर्वांची निजानीज झाल्यावर अंथरुणातून बटणांचा बारीक टकटक आवाज येई, तो पुष्कळदा वडिलांच्याच बाजूने!

आज ते खेळ पुन्हा खेळावेसे का वाटतात? बालपणाची ओढ हे उत्तर खरे आहे, परंतु पुरे नाही. या खेळांना शेवट होता, हेही त्याचे एक कारण आहे. सापाचा डाव थोडक्या वेळात संपे आणि फोन पुन्हा मुकाट्याने फोन होई. खेळणारा उद्या परत आला नाही तरी खेळाची तक्रार नसे. आजच्या फोनवरील पुष्कळसे फुकट खेळ मात्र रोज हजेरी मागतात, मधूनमधून जाहिरात दाखवितात आणि पुढे जावयाचे तर पैसे मोजावयास सांगतात. त्यामुळे दिवसभर तगाद्याने त्रासलेल्या मनास तो जुना बिनतक्रार साप प्रिय वाटावा, यात नवल नाही. अर्थात जुन्यांची बाजू घेताना न्यायही सोडू नये. टेट्रिसने देखील अनेकांच्या अभ्यासाचे आणि झोपेचे वाटोळे केलेच. शिवाय जुन्या खेळांपैकी टाकाऊ होते ते विस्मरणात गेले, आणि मोजके चांगले तेवढे आठवणीत उरले, हीही गोष्ट विसरता कामा नये.

पुनर्भेटीचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला मार्ग म्हणजे मूळ यंत्रच मिळवून, त्याचा पडदा व बटणे दुरुस्त करून खेळावयाचे. दुसरा मार्ग एम्युलेटरचा. एम्युलेटर ही अशी आज्ञावली की, जिच्यायोगे आजचा संगणक अथवा फोन जुन्या यंत्राचे हुबेहूब सोंग घेतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये ॲपल कंपनीने आपल्या ॲप स्टोअरवर अशा आज्ञावलींस वाट मोकळी करून दिली. तिसरा मार्ग कंपन्यांनी काढलेल्या नव्या आवृत्त्यांचा. २०१७ साली ३३१० हा फोन नव्या रूपात आला आणि २०२३ पासून गेम बॉयचे निवडक खेळ निन्टेण्डोच्या स्विच यंत्रावर वर्गणी भरून खेळावयास मिळू लागले. परंतु २०१७ च्या फोनवरील साप रंगीत आणि नव्याने रचलेला होता; जुन्या खेळाडूंच्या अंगठ्यास ज्या चालीची सवय होती, ती चाल ती नव्हे. नाटकाचे नाव तेच असले, तरी नटमंडळी बदलली की जुना प्रेक्षक अस्वस्थ होतो, त्यातलाच हा प्रकार.

येथवर हौसेची गोष्ट झाली, आता जबाबदारीची. १९९६ साली आलेल्या 'पोकेमॉन'सारख्या खेळांच्या कार्ट्रिजमध्ये नाण्याएवढी एक बॅटरी बसविलेली असे. मुलाने महिनोन्महिने खेळून जे मिळविले, त्याची नोंद त्या बॅटरीच्या बळावर टिकून राही. या बॅटऱ्यांचे आयुष्य वर्षांत मोजावयाचे असते, आणि त्यांपैकी पुष्कळ आता संपल्या आहेत वा संपत आल्या आहेत. त्या संपल्या की नोंद पुसून जाते. आणि नोंद आधी संगणकावर उतरवून न घेता घाईने नवी बॅटरी बसविली, तर त्या दुरुस्तीतही ती जाते. फोनवर उतरवून घ्यावयाच्या 'जावा' खेळांची दशा याहून वाईट. त्यांना ना डबी, ना तबकडी. ते फोन कंपनीच्या भांडारात होते आणि ग्राहकाच्या फोनात होते. भांडार बंद झाले, फोन भंगारात गेला, की खेळही गेला.

हे भय काल्पनिक नाही. अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे, त्या देशात २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज रीतसर विकत मिळत नाहीत. ग्रंथालयांनी असे खेळ जपून अभ्यासकांस दूरस्थपणे पाहू द्यावेत, अशी मागणी तेथील कॉपीराइट कार्यालयापुढे झाली. २०२४ च्या ऑक्टोबरात ती नाकारण्यात आली. ज्याने खेळ निर्मिला त्याचा त्यावरील हक्क मानलाच पाहिजे. परंतु जो माल धनी स्वतः विकीत नाही आणि दुसऱ्यास जपूही देत नाही, त्याचे भवितव्य काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

सागरगोट्यांचा खेळ आजीकडून नातीकडे येतो, त्यास कोणतेही यंत्र लागत नाही. सागरगोटे नसले तर अंगणातील पाच खडे पुरतात. आट्यापाट्यांस तर जमिनीवर ओढलेल्या रेघा बस्स होतात. असे खेळ माणसांच्या स्मरणात राहतात आणि हातांतून पुढे जातात. खिशातील खेळाचे तसे नाही. तो कितीही तोंडपाठ असला, तरी त्याचे यंत्र वा त्या यंत्राचे सोंग घेणारी आज्ञावली यांवाचून दुसऱ्यास देता येत नाही. म्हणून या खेळांवरील प्रेम नुसत्या उसाशांनी भागणारे नव्हे. त्यास थोडी निगा जोडावी लागते.

ही निगा घरच्या घरी करण्याजोगी आहे. कपाट आवरताना कोणाला वडिलांचा जुना फोन सापडला आणि ते वडील आता हयात नसले, तर तो भंगारवाल्यास देण्यापूर्वी घटकाभर थांबावे. जुनी बॅटरी फुगली असेल तर ती चार्ज न करता जपून काढावी व दुसरी मिळवावी. फोन सुरू झाला, तर सापाच्या खेळात सर्वांत मोठ्या गुणसंख्येचा आकडा पाहावा. त्या आकड्याखाली नाव नसते. तो वडिलांचा, आईचा की धाकट्या भावाचा, हे त्या घरच्या माणसांवाचून कोणीही सांगू शकणार नाही. आणि पुढील डावात कोणी त्याहून अधिक गुण मिळविले की तो कायमचा पुसला जाईल. पूर्वी घरातील वडीलधारी माणसे मुलांच्या जन्मवेळा वहीत टिपून ठेवीत. त्याच रीतीने हा आकडा, तारीख आणि आठवत असेल तर खेळणाऱ्याचे नाव एका वहीत लिहून ठेवावे. मग फोन खुशाल नातवंडाच्या हाती द्यावा आणि त्यास सांगावे, 'हा आजोबांचा आकडा. आता तुझा डाव.'