राबाची माती चुंबकाला का चिकटते?

पौष पौर्णिमेची म्हशाची जत्रा झाली, की आपल्याकडे राबाची लगबग. शेण, तहाळ, पालापाचोळा, वर माती, मग आग.

भाजलेल्या राबावर आम्ही जुन्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक पिशवीत घालून फिरवलं. बांधावरची तांबडी माती थोडीच चिकटली, राबातली मात्र झुपक्यानं. मातीतलं लोखंड गंजासारखं असतं. त्याला चुंबक फारसं ओढत नाही. पाला धुमसताना हवा कमी पडते, गंजातला थोडा प्राणवायू निघून जातो आणि काळं मॅग्नेटाइट बनतं. ते चुंबकाला धरतं. उलट खाचरात पाणी साचून राहिलं, की चिखल राखाडी होतो, लोखंड विरघळतं, ओढ पुन्हा कमी होते.

चिकटली म्हणजे माती कसदार झाली, असं नाही हं! धग कुठवर पोचली, एवढंच कळतं. धगीनं तणाचं बी जळतं, म्हणून तर राब. पण तहाळ डोक्यावरून आणायचे बायांनीच. गादीवाफ्यावर न भाजताही रोपं होतात, तण हातानं काढावं लागतं. यंदा एक वाफा तसा करून दोन्हींकडची खुरपणी किती दिवस चालते, ते आम्ही मोजणार आहोत.